रिव्हर्स कॅमेरा कधी चालतो, कधी जातो: दोष कुठे आणि कसा शोधायचा

गाडीचा रिव्हर्स कॅमेरा एकदाच आणि कायमचा बंद पडला, तर दोष शोधणं तुलनेने सोपं असतं. जीव खातो तो लहरी कॅमेरा. सकाळी चित्र स्वच्छ, दुपारी स्क्रीन काळी, संध्याकाळी पुन्हा सगळं ठीक. गॅरेजमध्ये नेल्यावर तर हमखास चालतो. मग कोणीतरी सांगतं, कॅमेराच बदलून टाका. नवा बसतो, काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं. अशा येणाऱ्या-जाणाऱ्या चित्रामागे बहुतेक वेळा कॅमेरा नसतोच. कॅमेऱ्यापासून स्क्रीनपर्यंतच्या वाटेत एखादी तार, अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली ऋण बाजू) किंवा कपलर (तारा जोडणारा प्लग) साथ सोडत असतो. नवा कॅमेरा बसवताना त्या तारा हलतात, कपलर काढून पुन्हा घट्ट बसवला जातो, म्हणून तात्पुरतं बरं वाटतं. तेव्हा काहीही विकत घेण्याआधी ती वाट तपासा.

दोष सापडेपर्यंत मात्र गाडीला कॅमेरा नाहीच असं धरून चाला. आरसे पाहा, मान वळवून पाहा, घरात लहान मुलं असतील तर ती कुठे आहेत हे कळल्याशिवाय गाडी हलवू नका. काळी स्क्रीन निदान कळते तरी. गोठलेलं चित्र कळत नाही: मागे मोकळी जागा दिसत राहते आणि ती काही सेकंदांपूर्वीची असते. बंपरच्या उंचीचं मूल आरशात दिसत नाही, त्याच्यासाठीच तर हा कॅमेरा आहे. म्हणून पहिली चाचणी हीच करा. गाडी उभी असताना रिव्हर्स टाका आणि कुणाला तरी बाजूला उभं राहून बंपरमागे झाडूचा दांडा हलवायला सांगा. दांडा आणि स्क्रीनवरची हालचाल यांत डोळ्याला जाणवेल असं अंतर पडत असेल, तर ती स्क्रीन सध्या झाकून टाका.

अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या हलक्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. रिव्हर्स टाकल्यापासून २ सेकंदांच्या आत चित्र दिसलं पाहिजे आणि गाडीमागचा साधारण ३ मीटर रुंद व ६ मीटर लांब पट्टा त्यात यायला हवा, असं तो नियम सांगतो. गाडी कुठल्याही देशातली असो, घरच्या घरी तपासायला ही मापं चांगली आहेत.

आधी स्क्रीन काय सांगते ते पाहा

"कॅमेरा चालत नाही" या एका वाक्यात चार-पाच वेगळे दोष लपलेले असतात आणि स्क्रीनकडे नीट पाहिलं तर त्यातले निम्मे तिथल्या तिथे गळतात.

रिव्हर्स टाकला आणि स्क्रीन बदललीच नाही, गाणी किंवा नकाशा तसाच राहिला, तर गिअर रिव्हर्समध्ये पडल्याचं स्क्रीनला कळलेलंच नाही. इथे कॅमेऱ्याला हात लावू नका. मागचे पांढरे रिव्हर्स लाइट लागतात का ते बघा. मागे भिंत असेल तर तिच्यावरचा उजेड आरशातून दिसतो. लाइटही लागत नसतील तर दोष फ्यूजमध्ये, किंवा मॅन्युअल गाडीत गिअरबॉक्सवर बसवलेल्या रिव्हर्स स्विचमध्ये, किंवा ऑटोमॅटिकमध्ये गिअर कुठे आहे ते सांगणाऱ्या सेन्सरमध्ये. लाइट लागतात पण स्क्रीन बदलत नाही, तर स्क्रीनपर्यंत येणारी रिव्हर्सची खुणेची तार सुटली आहे.

स्क्रीन बदलते, पण निळी किंवा काळी होऊन "सिग्नल नाही" असं लिहून येतं. म्हणजे खूण पोचली, चित्र पोचलं नाही. मग कॅमेऱ्याचा वीजपुरवठा, अर्थ आणि व्हिडिओची तार हे तिघं संशयित. सर्वात जास्त गाड्या याच गटात येतात.

चित्र येतं पण त्यावर आडव्या रेघा सरकतात, मुंग्या येतात, थरथरतं: अर्थ किंवा व्हिडिओ तारेवरचं जाळीचं आवरण. चित्र कृष्णधवल दिसतं किंवा वरखाली घरंगळतं आणि कॅमेरा बाहेरून (कंपनीचा नाही, नंतर विकत घेऊन) बसवलेला आहे: पाल आणि एनटीएससी या चित्र पाठवण्याच्या दोन पद्धतींचा घोळ. एकीत सेकंदाला २५ चित्रं, दुसरीत जवळपास ३०. कॅमेरा एका पद्धतीचा आणि स्क्रीनची सेटिंग दुसऱ्या पद्धतीची असेल तर असं होतं. बॅटरी काढून लावल्यावर काही स्क्रीनची सेटिंग मूळपदावर जाते आणि कालपर्यंत नीट असलेलं चित्र अचानक घरंगळायला लागतं. मेनूत जाऊन पद्धत बदला, काम संपलं.

आणि चित्र नुसतं धूसर असेल तर आधी ओल्या मऊ कापडाने भिंग पुसा. हे सांगायची गरज वाटत नाही, पण नंबर प्लेटवरच्या त्या बोटभर भिंगावर रस्त्याची सगळी धूळ आणि चिखल बसतो. थिनर, पेट्रोल, पॉलिश यांतलं काहीही लावू नका. भिंगावरचा थर कायमचा धुरकट होतो.

कधी जातं याची नोंद

लहरी दोषाला वेळेचं भान असतं. फोनमध्ये नोंद ठेवायला लागा: चित्र गेलं तेव्हा पाऊस होता का, गाडी नुकतीच धुतली होती का, उन्हात तापली होती का, जरा आधी डिकी उघडली होती का, इंजिन सुरू केल्या केल्या रिव्हर्स टाकला होता का, गाडी खड्ड्यात आदळली होती का. काही दिवसांत आकृती दिसायला लागते आणि ती आकृती कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा जास्त सांगते.

डिकी उघडल्या-मिटल्यावर फरक पडतो, तर तार बिजागरीपाशी तुटते आहे. धुतल्यावर किंवा पावसानंतर जातं आणि वाळल्यावर येतं, तर कपलरमध्ये किंवा भिंगात पाणी. तापल्यावर जातं आणि सावलीत परत येतं, तर कॅमेऱ्याच्या किंवा स्क्रीनच्या आतला सोल्डरचा टाका सुटलेला असण्याची शक्यता. इथे कॅमेरा खराब असू शकतो. खात्री करायची तर केस वाळवायच्या यंत्राची मंद हवा फक्त कॅमेऱ्यावर धरून बघा. इंजिन चालू केल्यावर रेघा येतात, वेगाबरोबर त्यांची चाल बदलते आणि इंजिन बंद करून नुसतं इग्निशन ठेवल्यावर त्या जातात, तर अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी भारणाऱ्या यंत्राचा) खरखराट कच्च्या अर्थमधून चित्रात शिरतो आहे. फोनचा चार्जर किंवा डॅशकॅम लावल्यावरच रेघा येत असतील तर तो चार्जर काढून बघा. स्वस्त चार्जर हा उद्योग सर्रास करतात.

नुसती गाडी सुरू करतानाच चित्र उशिरा येतं आणि नंतर दिवसभर ठीक, तर स्क्रीन जागी व्हायला वेळ घेते आहे. थोडा वेळ लागतोच. तो दिवसेंदिवस वाढत असेल तर स्क्रीनचं सॉफ्टवेअर अद्ययावत करून बघा.

डिकीच्या बिजागरीजवळची रबरी नळी

हॅचबॅक, एसयूव्ही, सात आसनी गाड्या, थोडक्यात मागे वर उघडणारं दार असलेली कुठलीही गाडी असेल, तर मी सगळ्यात आधी इथेच बघतो. डिकी उघडा. छप्पर आणि दार यांच्यामध्ये, बिजागरीच्या बाजूला घड्या असलेली एक काळी रबरी नळी दिसेल. कॅमेरा, वायपर, काचेचा हीटर, नंबर प्लेटचा दिवा, डिकीचं कुलूप, सगळ्यांच्या तारा त्यातून जातात. घरच्या गाडीची डिकी रोज उघडते: दप्तरं, भाजी, बाळाची गाडी, सामान. प्रत्येक वेळी त्या तारा त्याच जागी वाकतात. काही वर्षांत आतलं तांबं तुटतं आणि बाहेरचं प्लॅस्टिक शाबूत राहतं. तुटलेली टोकं एकमेकांना टेकलेली असतात तोवर चित्र येतं, दार हललं की टोकं सुटतात. म्हणूनच तो "अधूनमधून" दोष.

एक खूण लक्षात ठेवा. चित्राबरोबर मागचा वायपर, नंबर प्लेटचा दिवा किंवा डिकीचं कुलूप यांपैकी काहीही अधूनमधून नखरे करत असेल, तर जवळपास नक्की दोष याच नळीत आहे.

तपासायला रिव्हर्स टाकून ठेवा, कुणाला तरी स्क्रीनकडे बघायला बसवा आणि डिकी हळूहळू अर्धी, पाऊण, पूर्ण उघडत न्या. मध्ये थांबून नळी हाताने दाबा, पिळा. चित्र गेलं-आलं की जागा सापडली. हे करताना इंजिन बंद, इग्निशन चालू, हँडब्रेक ओढलेला, चाकांना लाकडी ठोकळे. काही ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन चालू केल्याशिवाय रिव्हर्स पडत नाही. तसं असेल तर स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाचा पाय ब्रेकवर हवा आणि गाडीच्या मागे कोणीही नको, तुम्हीसुद्धा. मागचं आसन पाडून आतून नळीपर्यंत हात पोचवा. विजेवरच्या किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी आवरणाच्या तारांच्या जवळही जाऊ नका, त्या उच्च दाबाच्या असतात.

नळीचं टोक पत्र्यातून हलक्या हाताने काढून मागे सरकवा आणि एकेक तार दोन बोटांत धरून अलगद ओढा. तांबं तुटलेल्या जागी तार रबरासारखी लांबते. मजा नाही, खरंच लांबते. चांगली तार अजिबात लांबत नाही. सापडलेल्या जागी तुटकी टोकं पिळून वर टेप गुंडाळायचा मोह होईल. तसं केलं तर तो सांधा पुन्हा तिथेच सुटेल. नुसता सोल्डरही तिथे नको: सोल्डर तारेत झिरपून ती कडक करतो आणि ती कडक भागाच्या कडेला पुन्हा तुटते. योग्य पद्धत अशी की वाकणारा पूर्ण तुकडा काढून टाकायचा, त्या जागी बारीक धाग्यांची लवचिक तार थोडी जास्त लांबीची घालायची आणि दोन्ही सांधे नळीच्या बाहेर, एक छपराच्या आत आणि एक दाराच्या आत, जिथे काही वाकत नाही तिथे आणायचे. सांध्यांवर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवायची. एक तार तुटली आहे तर शेजारच्याही त्याच वयाच्या आहेत, सगळ्या बघा. फ्यूज वारंवार उडत असेल तर इथेच एखाद्या तारेचं आवरण घासून ती पत्र्याला टेकते का ते पाहा. जास्त अँपिअरचा फ्यूज लावून प्रश्न दाबू नका, तारच जळेल.

मल्टीमीटर १२ दाखवतो, तरी कॅमेरा बंद

इथे भले भले फसतात. कॅमेऱ्याच्या कपलरवर व्होल्टेज मोजणारा मल्टीमीटर लावला, १२ व्होल्ट दिसले, म्हणजे पुरवठा ठीक आणि कॅमेरा खराब, असा निष्कर्ष निघतो. पण मल्टीमीटर तारेतून जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. तारेचा एकच केसाएवढा धागा कसाबसा टेकलेला असला तरी तो १२ व्होल्ट दाखवेल. कॅमेरा जोडला की प्रवाह लागतो आणि त्या धाग्यावर व्होल्टेज कोसळतं.

म्हणून भार लावून मोजा. बाहेरून बसवलेल्या १२ व्होल्टच्या कॅमेऱ्याचा पुरवठा रिव्हर्स लाइटच्या तारेवरून घेतलेला असेल तर कपलरला कॅमेऱ्याऐवजी ५ वॅटचा छोटा बल्ब जोडा. तो भक्कम पेटला आणि व्होल्टेज टिकलं तर तारा चांगल्या. मिणमिणला तर वाटेत अडथळा आहे. मग अर्थ वेगळा तपासा: कॅमेरा चालू असताना मल्टीमीटरची एक सुई कॅमेऱ्याच्या काळ्या तारेवर आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवा. आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थ कच्चा. अर्थचा स्क्रू जिथे पत्र्यात बसला आहे तिथला गंज आणि रंग घासून चकचकीत धातू काढा, घट्ट आवळा, वर थोडं ग्रीस. रेघा, थरथर, अधूनमधून काळी होणारी स्क्रीन, या तिन्हींवर या एका कामाने गुण आलेला मी पाहिला आहे.

कंपनीतूनच बसवून आलेल्या कॅमेऱ्याला मात्र ही बल्बची युक्ती करू नका. अनेक गाड्यांत त्याला स्क्रीनकडून किंवा कॅमेऱ्याच्या नियंत्रकाकडून ६ व्होल्टच्या आसपास पुरवठा होतो, काहींत तर चित्राच्याच तारेतून वीज जाते. तिथे १२ व्होल्ट नाहीत म्हणून दोष ठरवायचा नाही आणि बाहेरून १२ व्होल्ट तर मुळीच द्यायचे नाहीत. त्या मॉडेलची वायरिंगची आकृती मिळवा आणि तिथे लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघा.

बाहेरून बसवलेल्या कॅमेऱ्यांत आणखी एक गंमतशीर दोष आढळतो. अलीकडच्या कित्येक गाड्यांचा संगणक दिव्यांना सलग वीज न देता अतिजलद तुकड्यांत देतो, शिवाय बल्ब शाबूत आहे का ते मधूनमधून चाचपतो. तारेच्या बल्बला ते जाणवत नाही. कॅमेरा मात्र प्रत्येक तुकड्याला बंद-चालू होऊ पाहतो आणि चित्र लुकलुकतं. उपाय म्हणजे कॅमेऱ्याला इग्निशनबरोबर मिळणारे स्थिर १२ व्होल्ट फ्यूजमधून द्यायचे आणि रिव्हर्सची तार फक्त स्क्रीनला खूण देण्यापुरती वापरायची. कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा भाग) असलेला तयार फिल्टरही मिळतो.

पाणी

भिंगाच्या आत वाफ धरलेली दिसली तर तो कॅमेरा गेला असं समजा. उन्हात ठेवून वाफ जाते, पण आतल्या सर्किटच्या पट्टीवर गंज बसायला सुरुवात झालेली असते. कॅमेऱ्यावर आयपी ६७ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल एवढाच. जोराच्या फवाऱ्याची हमी त्यात नसते. त्यासाठी आयपी ६९के हा वेगळा दर्जा आहे. गाडी धुताना फवाऱ्याचं तोंड कॅमेऱ्यावर जवळून धरू नका.

कपलरमध्ये हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिना मऊ ब्रशने साफ करा, पूर्ण वाळू द्या. मग पाणी तिथे आलं कुठून ते शोधा. डिकीच्या दाराचं रबर, मागच्या दिव्याची पॅकिंग, वरच्या ब्रेक लाइटची पॅकिंग, वायपर धुण्याच्या पाण्याची नळी: ही नळीसुद्धा कित्येक गाड्यांत त्याच वाटेने जाते आणि सांध्यातून सुटली की पाणी सरळ तारांवर पडतं. स्रोत न शोधता नुसता कपलर साफ केला तर पुढच्या पावसात पुन्हा तिथेच.

व्हिडिओची तार, जुनी आणि नवी

बाहेरून बसवलेल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत पिवळ्या पिनेची ॲनालॉग केबल असते. ती बिघडताना पायरीपायरीने बिघडते: आधी मुंग्या, मग रेघा, मग काहीच नाही. इथे दोष अर्ध्या-अर्ध्याने शोधता येतो. दुसरी एखादी पिवळी केबल आणा, बसवलेली केबल दोन्ही टोकांना काढा आणि नवी सरळ गाडीच्या आतून जमिनीवरून मागे न्या. चित्र नीट आलं तर कॅमेरा आणि स्क्रीन दोन्ही निर्दोष. तीच केबल मग कायमची ओढून घ्या, जुनीत दोष शोधत बसू नका. खांबांच्या आवरणात पडदा एअरबॅग असतात. केबल त्यांच्या पुढून किंवा वरून नको, मागून न्या आणि पिवळ्या आवरणाच्या एअरबॅगच्या तारांना स्पर्श करू नका.

कंपनीच्या नव्या गाड्यांत डिजिटल चित्र जातं. ते रेघा दाखवत नाही. चालतं तेव्हा उत्तम, बिघडतं तेव्हा चौकोन, गोठणं किंवा थेट काळं. त्या केबलला मध्ये कापून सांधा देऊ नका, इतक्या वेगाचा सिग्नल साध्या सांध्यातून नीट जात नाही. तो तुकडा अखंडच बदलावा लागतो. अशा गाडीला तपासणी यंत्र लावायचं तर बॉडीचे "बी" आणि नेटवर्कचे "यू" कोड वाचणारं हवं. स्वस्त यंत्रं बहुधा फक्त इंजिनचे "पी" कोड वाचतात आणि "दोष नाही" म्हणून मोकळी होतात. याच टप्प्यावर गाडीच्या ओळखक्रमांकावरून उत्पादकाची काही परत-बोलावणी (रिकॉल) निघाली आहे का तेही तपासा. मागच्या कॅमेऱ्यासाठी अशा मोहिमा अनेकदा निघाल्या आहेत आणि त्यातली दुरुस्ती मोफत असते.

कॅमेरा बदलायचाच तर

भिंगात पाणी, फक्त कॅमेरा तापवल्यावर जाणारं चित्र, किंवा चांगल्या केबलवर आणि चांगल्या पुरवठ्यावरही काळी स्क्रीन: या तीन प्रसंगी कॅमेरा बदला. नवा घेताना स्क्रीन कुठला सिग्नल स्वीकारते ते आधी पाहा. एएचडी (जास्त स्पष्ट चित्राच्या प्रकारचा) कॅमेरा साध्या ॲनालॉग स्क्रीनला जोडला तर "सिग्नल नाही" असंच दिसेल आणि नवा कॅमेरा खराब निघाला असं वाटेल. चित्र आरशासारखं उलट हवं, म्हणजे गाडीच्या डाव्या बाजूची वस्तू स्क्रीनवर डावीकडेच दिसते. पुढे लावायचा कॅमेरा मागे लावला तर बाजू उलटतात, आणि घाईत तो घोळ महागात पडतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत यासाठी कापायची एक छोटी तार दिलेली असते. चारी बाजूंचं चित्र दाखवणाऱ्या गाडीत एक कॅमेरा बदलला तरी जुळणी नव्याने करून घ्यावी लागते, नाहीतर मार्गदर्शक रेघा खोटं अंतर दाखवतात.

दुरुस्ती झाल्यावर रबरी नळीची दोन्ही टोकं पत्र्याच्या भोकात नीट बसली का ते बोट फिरवून पाहा. रिव्हर्समध्ये डिकी बऱ्याचदा उघडा-मिटा, साध्या नळाचं पाणी दारावरून सोडा, इंजिन चालू-बंद करून रेघा बघा, झाडूच्या दांड्याची चाचणी पुन्हा करा. फोनमधली नोंद लगेच पुसू नका. चित्र पुन्हा गेलं आणि वेळ तीच असेल, तर सांधा उघडून बघा. वेळ बदलली असेल तर दोष दुसरा आहे आणि शोध स्क्रीनपासून नव्याने सुरू करायचा.